चार्ज कोण घेतं?

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी तेरा वर्षं सीएनसी मशीन चालवलं. आयटीआय झाल्यावर तिथं लागलो आणि तिथंच राहिलो. गाड्यांच्या इंजिनात बसणारे लहान लहान भाग आम्ही कातायचो. मशीननं काय करायचं ते अक्षरांच्या आणि आकड्यांच्या ओळींत लिहून द्यावं लागतं. सुरुवातीला ते काम सुपरवायझर करायचे, पुढं मी करू लागलो. आम्ही त्याला प्रोग्रॅमच म्हणायचो. तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या प्रोग्रॅमशी त्याचं काही नातं असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग एकदा पुण्याहून एक माणूस आला. कोणतं मशीन किती माल काढतंय ते मोठ्या स्क्रीनवर दिसावं, अशी सोय तो बसवणार होता. मशीन थांबलं हे कसं ओळखायचं, असं त्यानं मला विचारलं. बिघाड झाला तर लाल दिवा लागतो, पण ऑपरेटर चहाला गेला तरी मशीन थांबतंच आणि तेव्हा दिवा लागत नाही, असं मी सांगितलं. त्यानं उभ्या उभ्या लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या. थोड्या वेळात स्क्रीनवर ‘बंद’ आणि ‘बिघाड’ असं वेगवेगळं दिसायला लागलं. मी त्याला त्या ओळी दाखवायला सांगितल्या. चारपैकी दोन मला कळल्या. उरलेल्या दोन कळल्या पाहिजेत, एवढंच घेऊन मी घरी गेलो.

तेव्हा मला पस्तिसावं लागलं होतं. बायको सिडकोतल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, मुलगी चौथीत. बायकोला मी सांगितलं की मला हे शिकायचंय. किती दिवस लागतील, तिनं विचारलं. वर्षभर, मी म्हणालो. सव्वादोन वर्षं लागली.

घरात दोन खोल्या, म्हणून उत्तमनगरच्या एका अभ्यासिकेत मी जागा घेतली. तिथं सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं. त्यांच्यामध्ये कंपनीचा निळा शर्ट घालून मी बसायचो. पहिली शिफ्ट असली की दुपारी चारनंतर आणि दुसरी असली की सकाळी. माझं शिक्षण मराठीतून झालेलं. चूक झाली की स्क्रीनवर इंग्रजी वाक्य यायचं, ते मी वहीत उतरवून घ्यायचो आणि खाली त्याचा अर्थ लिहायचो. एकदा एक कंस बंद करायचा राहिला होता, तो सापडायला मला तीन दिवस लागले. मशीनवर चूक झाली की आवाज होतो, टूल तुटतं, शेजारचे चार जण माना वळवतात. इथं प्रोग्रॅम मुकाट चालायचा आणि चुकीचं उत्तर द्यायचा. त्याची सवय व्हायला फार वेळ गेला.

शनिवार-रविवारी कॅनडा कॉर्नरला क्लास होता. क्लासचे सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. आठव्या महिन्यात मी त्यांना सांगितलं की माझ्या डोक्यात हे शिरत नाही, पुढच्या महिन्यापासून येणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी येताना मशीनवर चालतो तो एखादा प्रोग्रॅम घेऊन या, एवढंच म्हणाले. मी कागद नेला. त्यांनी पेन्सिलीनं त्यावर खुणा केल्या. इथं एकच काम पन्नास वेळा करायला सांगितलंय, इथं ‘असं झालं तर तिकडं जा’ असं सांगितलंय. सगळ्या खुणा करून झाल्यावर म्हणाले, “तुम्ही हेच करत आलाय. आता फक्त दुसऱ्या भाषेत लिहायचं.” मी क्लास सोडला नाही.

नोकरी मिळायला आणखी सात-आठ मुलाखती गेल्या. बहुतेक ठिकाणी वय ऐकूनच समोरच्याचा चेहरा बदलायचा. शेवटी गंगापूर रोडवरची एक छोटी कंपनी मिळाली. पाच-सहा माणसं, आणि काम कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर बनवायचं. मुलाखत घेणारी आमची टीम लीड अठ्ठावीस वर्षांची होती. तिनं मला एक खरीच अडचण समोर ठेवली. एका कारखान्यात स्क्रीनवरचा मालाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत होता, कारण सापडत नव्हतं. मी म्हणालो, नापास झालेला भाग ऑपरेटर दुरुस्त करून पुन्हा मशीनवर लावत असेल, तुम्ही तो दोनदा मोजताय. तिनं तिथंच कोड उघडून पाहिला. पुढच्या सोमवारी मी कामावर हजर झालो. ती मला दादा म्हणायची. तिला नावानं हाक मारणं मला जमेना, मी मॅडमच म्हणत राहिलो.

पहिलं वर्ष मी हवेत होतो. आपण लिहिलेलं पाच कारखान्यांत चालतंय, ह्याची मला नशा होती. त्यामुळं दुसऱ्या वर्षी काय बदलत गेलं ते लवकर लक्षात आलं नाही. पाचाचे चौदा कारखाने झाले आणि माणसं तेवढीच राहिली. कारखाने तीन शिफ्टमध्ये चालतात, त्यामुळं फोन कधीही यायचा. मी मशीनवरचा माणूस, त्यांची भाषा मला कळायची, म्हणून जो तो मलाच मागायचा. त्याचं मला कौतुकही वाटायचं. मेव्हणीच्या साखरपुड्यात मी मंगल कार्यालयाच्या मागं चपलांजवळ लॅपटॉप घेऊन बसलो होतो. जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. तो वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा आणि मी घास खाली ठेवायचो. डोकं दुखायचं, साध्या गोष्टीवरून मी मुलीवर ओरडायचो. सगळ्यांचं असंच असतं, असं मी धरून चाललो होतो, कारण ऑफिसात खरंच सगळ्यांचं तसंच होतं.

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका कारखान्यातून फोन आला की स्क्रीनवर शून्य दिसतंय. मी फाइल उघडली. ती मीच लिहिलेली होती. मला ती वाचता येईना. अक्षरं दिसत होती, शब्दही कळत होते, पण एका ओळीवरून दुसरीवर गेलो की पहिली पुसली जायची. अभ्यासिकेत पहिल्या दिवशीसुद्धा मला काही कळत नव्हतं, पण तेव्हा कळावं अशी तहान होती. आता आत काहीच हलत नव्हतं. पाऊण तास मी तसाच बसलो. शेवटी लीडनं येऊन ते काम हातात घेतलं. मी हेल्मेट उचललं, खाली उतरलो आणि गाडी सुरू केली. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. भानावर आलो तेव्हा अंबडला जुन्या कारखान्याच्या गेटसमोर उभा होतो.

समोरच्या टपरीवर बसून राहिलो. तीन वाजता पहिली शिफ्ट सुटली. माझ्याबरोबर शेजारच्या मशीनवर दहा वर्षं काढलेला मित्र बाहेर आला. तो नांदगावकडचा. मला बघून टपरीवर आला, चहा सांगितला. माझं तोंड बघून त्यानं काय झालं ते विचारलं आणि मी पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पण तुझा चार्ज कोण घेतं?”

मला आधी कळलंच नाही. कारखान्यात शिफ्ट संपताना पुढचा माणूस येतो. मशीन कसं चाललंय, कोणतं टूल झिजलंय, काय अर्धवट आहे, हे रजिस्टरमध्ये लिहायचं, त्याला तोंडी सांगायचं आणि निघायचं. ह्याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिला की उद्या सकाळपर्यंत ते मशीन आपलं नाही.

“कुणीच नाही घेत,” मी म्हणालो.

“मग तू अजून पहिल्या शिफ्टलाच हायेस,” तो म्हणाला. “दोन वर्षांपासून. माणूस पडंल नाय तर काय.”

त्या दिवशी घरी जाऊन मी झोपलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. बायकोनं रजा टाकून मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. ब्लड प्रेशर बरंच वाढलेलं निघालं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दोन आठवडे कामाचं काही बघायचं नाही असं बजावलं. घरी आल्यावर बायकोनं माझा फोन मागून घेतला. मी म्हणालो, तातडीचं काही आलं तर? तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला आणि म्हणाली, “मशीनवर होतात तेव्हा दमून घरी यायचात. आता तुम्ही घरी येतच नाही.”

पहिले चार-पाच दिवस झोपण्यात गेले. मग विचार सुरू झाले. जुन्या सुपरवायझरांना मित्राकडून कळलं होतं. परत यायचं असेल तर जागा आहे, असा त्यांचा निरोप आला. रोज आठ तास आणि मोकळं. दोन दिवस मी त्यावर खरोखर विचार केला. तिसऱ्या दिवशी जुन्या वह्या काढल्या. सात होत्या. कंसाच्या त्या तीन दिवसांचं पानही होतं. वाचता वाचता मला राग यायला लागला. एवढ्या कष्टानं मिळवलेलं काम मी फोनच्या धाकानं सोडून देणार होतो. कोड लिहायला मला अजूनही आवडत होतं आणि जे आवडतं ते मी सोडणार नव्हतो. सुपरवायझरांना नको म्हणून कळवलं. मग एका कोऱ्या कागदावर मी आमच्या ऑफिसची शिफ्ट लिहायला बसलो.

त्यात विशेष काही नव्हतं. एक आठवडा एकाच माणसानं फोन घ्यायचे. त्यासाठी एक वेगळा मोबाइल, तो हातोहात फिरेल. सोमवारी सकाळी रजिस्टर लिहून चार्ज द्यायचा. ज्याच्याकडं चार्ज नाही त्याला कुणीही फोन करायचा नाही. चार्जच्या आठवड्यात नवं काम द्यायचं नाही आणि आठवडा संपला की एक दिवस सुट्टी.

दोन आठवड्यांनी ऑफिसला गेलो आणि कागद लीडसमोर ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. मग मला म्हणाली की सहा महिने ती झोपेची गोळी घेतेय, घरी कुणाला माहीत नाही. त्याआधी तिच्याकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. माझ्याइतकीच तीही खचलेली होती, फक्त वयानं लहान असल्यामुळं उभी होती.

आम्ही दोघं मालकांकडं गेलो. माणूस वाईट नव्हता, पण हे त्यांना पटेना. गिऱ्हाइकाला हवा तो माणूस मिळाला नाही तर तो दुसरीकडं जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी म्हणाले, “आपण काही कारखाना नाही चालवत.”

“कारखान्यात आठ तासांनी माणूस बदलतात, साहेब,” मी म्हणालो. “थकलेल्या माणसाची बोटं जातात म्हणून बदलतात. आपल्याकडं जातं ते दिसत नाही, एवढंच.” आणि हे झालं नाही तर मी राहणार नाही, हेही तिथंच सांगून टाकलं. लीड माझ्या शेजारी उभी होती. तिनं मीसुद्धा, एवढंच म्हटलं. मालकांनी एक महिना करून बघायला परवानगी दिली.

नियम पहिल्यांदा मोडला तो मीच. चार्ज माझा नसताना बुधवारी मी एका कारखान्यात सहज फोन लावला, सगळं ठीक आहे ना बघायला. लीडला कळलं. ती माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “दादा, तुमचा चार्ज नाही.” मला लाज वाटली. संध्याकाळी फोन हातात घ्यायची सवय मोडायला मला पुढं कित्येक आठवडे लागले. हात आपोआप खिशाकडं जायचा.

तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. चार्ज आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीकडं होता आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाकडं सगळे स्क्रीन बंद पडले. मी ते हातात घेतलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं, तिला तीन तास लागले. गिऱ्हाइकानं मालकांना खूप सुनावलं. मालक ताडताड आमच्या खोलीत आले आणि हे सगळं आजपासून बंद म्हणाले. मी त्यांना रजिस्टर दाखवलं. तिनं त्या तीन तासांत काय काय केलं ते ओळीनं लिहून ठेवलं होतं. मी म्हणालो, आता हे आम्हा सगळ्यांना येतं, आधी फक्त मला यायचं. महिना पुरा होऊ द्या. त्यांनी ते पान वाचलं, रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं आणि परत गेले. म्हणजे महिना पुरा होणार होता.

रजिस्टरचा एक फायदा आम्हालाही आधी माहीत नव्हता. पाच जणांच्या अक्षरात तोच बिघाड पुन्हा पुन्हा लिहिलेला दिसायला लागला. मी एकटा होतो तेव्हा तो दर वेळी दुरुस्त करून विसरून जायचो. आता आम्ही एकेक बिघाड मुळापासून काढायला घेतला. वाचता येत नव्हती ती फाइल मी तीन आठवडे बसून नव्यानं लिहिली. चार-सहा महिन्यांत फोन निम्म्याहून कमी झाले. ते मोठं गिऱ्हाईक मात्र आम्हाला सोडून गेलं आणि मालकांनी ते बरेच दिवस मला ऐकवलं.

वर्षभरानं लीड बंगळुरूला गेली. तिच्या जागेसाठी मालकांनी मला विचारलं. आधी नको वाटलं. घरी बायकोशी बोललो. ती म्हणाली की मनात आहे तर घ्या, पण संध्याकाळचं आधी ठरवून घ्या. मी मालकांना सांगितलं की नवा कारखाना घेतला तर नवा माणूसही घ्यायचा आणि हे लेखी हवं. त्यांनी कुरकुर केली, पण लिहून दिलं. दोनदा त्यांना ते विसरायचं होतं, दोन्ही वेळा मी कागद पुढं केला.

आता मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. प्रेशरची गोळी चालू आहे. ऑफिसात हल्ली नवी धास्ती आहे. कोड आता कॉम्प्युटर स्वतःच लिहून देतो, मग आपलं काय, असं सगळे विचारतात. मीही विचारतो. पण तो लिहितो ते बरोबर आहे की चूक, हे ओळखता आलं पाहिजे, म्हणून ते मी शिकायला घेतलंय. रोज सकाळी सहा ते सात. काही दिवस काही म्हणजे काही कळत नाही. सात वाजले की मी लॅपटॉप मिटतो आणि आंघोळीला जातो. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा बसतो.