पिठातला रॉड

आमच्या म्हातारीचं आणि माझं शेवटचं बोलणं पाणी तापवायच्या रॉडवरून झालं.

रोजच्यासारखा बादलीत रॉड तिने लावला आणि उंबऱ्यात मेथी निवडत बसली. मी आंघोळीला निघालो तशी ओरडली, "पहिले बटण बंद करा, मंग हात टाका!"

"वीस वर्षं तेच सांगतेस. मी काय बहिरा आहे का?"

"बहिरे नाही, येडे आहात!"

(एकदा बटण चालू असताना हात घातला होता, हे खरं. त्या दिवशी मी जो नाचलो, तसा स्वतःच्या वरातीतही नाचलो नव्हतो!) मी आंघोळ केली, ओट्यावर जाऊन बसलो. दुपारपर्यंत ती गेली. मेथी अर्धी निवडायची राहिली.

दिवसकार्य झालं. पुण्याची लेक मंगला म्हणाली, "नाना, आता तुम्ही माझ्याकडे चला. विमानाने जाऊ, तासाभरात पोचतो. आणि सामान काही घेऊ नका. ताट-वाटीपासून बठ्ठं शे तिकडे."

"रॉड आहे का?"

"नाना, गिझर आहे! रॉड कसाले?"

मी मान डोलावली. चौथी शिकलेला माणूस नुसती मान डोलावतो, तेव्हा समजायचं त्याने ठरवलं आहे.

आता रॉड न्यायचा कसा? हे मला चांगलं माहीत होतं. आमची म्हातारी फुटणारं सगळं पिठात घालून न्यायची. धुळ्याहून भुसावळला बहिणीकडे एसटीने काचेच्या बांगड्या नेल्या होत्या, ज्वारीच्या पिठात. एक तडकली नाही! मी तिचा उभा स्टीलचा डबा काढला. खाली कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, त्यात वायर गुंडाळलेला रॉड उभा, वरून पुन्हा पीठ, दाबून झाकण. वर तिच्याच लुगड्याच्या चिंधीची गाठ. लेकीला सांगितलं, भाकरीचं पीठ आहे. खोटं थोडीच बोललो?

मोठी बॅग जळगावच्या विमानतळावर काउंटरला दिली. डबा मात्र मांडीवर. तो मी कुणाच्या हाती देणार नव्हतो.

तपासणीच्या यंत्रात डबा गेला आणि पट्टा थांबला. थोडा मागे आला. पुन्हा पुढे गेला. पडद्यासमोरची बाई खुर्चीतून उठली.

"ये डब्बा किसका है?"

"मेरा."

"इसमें क्या है?"

"पीठ."

"और पीठ के अंदर?"

मंगलाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईचे डोळे आहेत तिला, हुबेहूब. "नाना... काय शे त्यामा?"

आता तुम्हीच सांगा, डबाभर भुकटी, तिच्यात पुरलेलं वेटोळं आणि त्याला वायर! मला त्यात घर दिसत होतं, त्यांना भलतंच दिसत होतं. रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली. एक बाई तर चप्पल सोडून मागे सरकली!

तपासणीचे मोठे साहेब आले. डबा उघडायला लावला. मी कोपरापर्यंत हात घातला, रॉड धरला आणि नेमकी त्याच वेळी मला शिंक आली. पीठ उडालं ते यंत्रावर, बाईच्या वर्दीवर आणि साहेबांच्या मिशीवर.

साहेबांनी मिशीवरचं पीठ चिमटीत घेतलं, नाकाशी नेलं. "कळण्याचं आहे," ते बाईला म्हणाले. मग मला, "बाबा, मी चाळीसगावचा. पीठ ओळखलं. पण हा रॉड हातातल्या सामानात चालत नाही. इथेच ठेवावा लागेल."

"मग मीपण इथेच राहतो."

"नाना!" मंगला कळवळली. "दोनशे रुपयांचा रॉड, मी दुसरा घेते!"

"दुसरा तुझ्या आईने लावलेला असेल का?"

मला एवढं मोठ्याने बोलायचं नव्हतं. पण बोललो. मंगला तिथेच पदराने डोळे पुसायला लागली, आणि साहेब उगाच मिशी झटकत राहिले, पीठ कधीच पडून गेलं होतं तरी.

"अहो, मोठ्या बॅगेत घाला की," ते म्हणाले. "तिकडे चालतो. बॅग अजून इथेच असेल."

बॅग परत मागवली. रॉड कपड्यात गुंडाळून आत गेला. पिठाचा डबा साहेबांनीच पुसून दिला. जाताना हळूच म्हणाले, "मूठभर ठेवू का? दोन तासांवर घर, पण ड्युटीमुळे आठ महिने गेलो नाही." मी ओंजळभर दिलं, कागदात बांधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाच्या बाथरूममध्ये गिझरकडे न पाहता मी बादली भरली. रॉड लावला, पिन खोचली, पाटावर बसलो. अर्धा तास वाट पाहिली. मग कुणी ओरडायच्या आत, आपणहून, शहाण्यासारखा उठलो बटण बंद करायला.

बटण बंदच होतं.

वीस वर्षं तिने मला बंद करायला शिकवलं. चालू तीच करायची, हे माझ्या ध्यानातच नव्हतं!

"नाना, तापलं का पाणी?" मंगलाने दाराबाहेरून विचारलं.

"कडकडीत!" म्हणालो, पहिला तांब्या डोक्यावर ओतला, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा तसाच नाचलो. या वेळी विजेशिवाय!