दुसऱ्या माणसाचं रीडिंग

मुळ्ये सर आज सकाळी उज्जैनला वारले, आणि त्यांच्यासाठी रडायचा मला फारसा हक्क नाही.

नव्वदच्या दशकात मी त्यांच्याकडे फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होतो.

सर सिरॅमिक दाबायचे.
कपबशीच्याच जातीचं, पण लोखंडावर ओरखडा काढील इतकं कडक.

स्टाफरूममध्ये लोक हसायचे. "दाबलं की फुटणार. त्यात मोजायचं काय?"
सर म्हणायचे, "फुटायच्या आधी ते जरासं दबतं. मला तेवढंच पाहिजे."

हिऱ्याचं बारीक टोक टेकवायचं, वजन ठेवायचं, उचलायचं. मग मायक्रोस्कोपखाली चौकोनी ठसा शोधून त्याचे कर्ण मोजायचे, त्यावरून कडकपणा काढायचा. कोपऱ्यातून तडा गेला तर ठसा बाद. वजन कमी करून पुन्हा पहिल्यापासून.

सरांचा नियम एकच. प्रत्येक ठसा दोघांनी मोजायचा, एकमेकांचे आकडे न बघता.
तो दुसरा माणूस मी.

तेव्हा अख्खं गाव कॉम्प्युटर शिकायला पळत होतं. माझीही पाच वाजता फ्रीगंजला बॅच असायची.
एकदा सर बाहेर गेले होते. त्यांचा कागद टेबलावरच राहिला होता.
मी तीस ठशांचे आकडे उतरवले, शेवटचा अंक जरा इकडेतिकडे केला आणि सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
"अरे वा! इतका मेळ तर माझा माझ्याशीच नाही बसत, भैया."


त्यांनी दोन्ही कागद फाइलीत ठेवले. मग म्हणाले, "चल, टावरच्या चौकात चाय पिऊन येऊ."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी मला कधी मोजायला बसवलं नाही. मी दारावरून जायचो, ते एकटेच मायक्रोस्कोपवर वाकलेले असायचे. आत जायची हिंमत झाली नाही.
मग नोकरी, पुणे. त्यांचा फोन आला की "येतो सर" म्हणायचो. गेलो नाही.

आज सरांच्या घरी काकूंना फोन केला. विचारलं, त्या ठशांवरचा सरांचा पेपर कुठे छापून आला?

"कुठे रे, पाठवलाच नाही. म्हणायचे, एकट्यानं मोजलेलं कसं पाठवू? मी म्हटलं, दुसरा कुणी पोरगा घ्या ना. तर म्हणे, तो येऊन सांगेल, मग दोघं बसून परत मोजू."
मग म्हणाल्या, "काय सांगायचं होतं रे तुला?"

त्यांनाही सांगता आलं नाही.

सर, मी मोजलं नव्हतं. तुमचेच आकडे उतरवले होते.

भावपूर्ण श्रद्धांजली, सर. फार उशीर केला मी.