न पळालेलं डुक्कर

बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळा बाजार टिचकीबाई म्हणायचा. हातात काहीही आलं, की त्या आधी त्यावर नखाने टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. मग ती बंदुकीची नळी असो, नाहीतर शेजारच्या शिंप्याने पाठवलेला चहाचा कप. एकदा त्यांनी टिचकी मारून कपाला बारीक तडा असल्याचं सांगितलं, तेव्हापासून शिंपी त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात पाठवू लागला. दुकान त्यांच्या वडिलांचं. वडील जाऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांचा कामाचा करडा कोट आणि टोपी दाराजवळच्या खुंटीवर तशीच होती. ती काढावी असं बाईंच्या मनात दर स्वच्छतेच्या वेळी यायचं आणि दर वेळी कोट नुसता झटकला जायचा.

बाईंचा दुसरा गुण म्हणा की खोड म्हणा, चौकशा. बंदूक का अडते हे कळून त्यांचं भागत नसे. ती याच माणसाकडे का अडते, हेही त्यांना कळायला हवं असे. तेल कुठलं घालता, ठेवता कुठे, शेवटची कुणी हाताळली, असं खोदून खोदून विचारत त्या गिऱ्हाइकाला भंडावून सोडत. त्यांची धाकटी बहीण म्हणायची, की तुझ्याकडे लोक बंदूक घेऊन येतात आणि घरच्या भानगडी सांगून जातात.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी बागवाले काका आले. पेरूची मोठी बाग, जन्मभर तीच राखलेली, त्यामुळे आवाजात थोडी जरब. बाहेरच्या उन्हातून आत येताच ते खुंटीपाशी थांबून म्हणाले, की मालक, बंदूक दगा देते आहे. मालक आता बोलत नाहीत, माझ्याशीच बोला, असं बाई म्हणाल्या आणि हसल्या. काकाही जरा थांबून हसले. माणूस गमत्या आहे, असं बाईंना वाटलं.

बंदूक जुनी एकनळी होती. मधून मोडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायची, घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. घोडा पिनेवर आपटतो, पिनेचं टोक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या टोपीवर बसतं आणि बार उडतो. यात बिघडायला जागाच किती, असं काका म्हणत होते. पण बिघडलं होतं खरं. पहाटेच्या धुक्यात बागेच्या शेवटच्या रांगेत त्यांना रानडुक्कर दिसलं होतं. मान खाली घालून पडलेले पेरू खात होतं. काकांनी नेम धरला, चाप दाबला, आणि नुसतंच टक झालं.

"मग लगेच मोडून बघितलीत?" बाईंनी विचारलं.

काकांना हा प्रश्न लागला. आपण काय नवशिके आहोत का, असं ते म्हणाले. बार उडाला नाही तर नळी होती तिथेच रोखून धरायची आणि थांबायचं, कारण कधीकधी तो उशिरा उडतो. हे त्यांनी बायकोलासुद्धा शिकवलं होतं. त्या पहाटेही त्यांनी नळी तसूभर हलू दिली नव्हती.

"आणि डुक्कर?"

"तेही हललं नाही. डोकं वर करून माझ्याकडे बघत राहिलं. मग हळूच खाली बसलं आणि दिसेनासं झालं."

"पळालं का नाही?"

"आता ते डुकरालाच विचारा," काका म्हणाले आणि निघून गेले.

बाईंनी बंदूक उघडली. घोड्याच्या खाली, पिनेच्या भोकात, पिवळा चिकट राप साचला होता. काका बंदुकीला कपाटाला लावायचं तेल मोठ्या मायेने चोपडत होते आणि ती नळी वर करून उभी ठेवत होते. तेल ओघळत खाली उतरलं, तिथेच थिजलं, आणि पिन त्यात रुतली. बाईंनी खात्री करून घेतली. नुसती टोपी असलेलं रिकामं काडतूस घालून त्यांनी बंदूक मागच्या अंगणात गारठ्यात ठेवली, तर टक. तीच उन्हात ठेवली, तर टोपी चट्कन फुटली. बंदूक दुकानात शहाणी आणि बागेत वेडी का होते, ते कळलं. त्यांनी सगळा राप खरवडून काढला, पातळ तेलाचा एक थेंब सोडला आणि काकांना ती नळी खाली करून ठेवायला बजावलं. बंदुकीचा छडा लागला. डुकराचा मात्र लागला नाही, आणि बाईंच्या डोक्यातला किडा वळवळतच राहिला. पान वाजलं तरी रानडुक्कर उधळतं. हे टक ऐकून बसलं कसं?

काही आठवड्यांनी काका परत आले. पुन्हा तेच. या वेळी त्यांनी न उडालेलं काडतूस खिशात आणलं होतं. बाईंनी भिंगाखाली पाहिलं, तर टोपीवर जेमतेम खळी पडली होती, बाळाच्या गालावर पडते तेवढी. पिन चिकटत नव्हती, स्प्रिंग खणखणीत होती. म्हणजे पिनच आखूड पडते आहे, जुनी आहे, झिजली असेल, असं बाईंनी ठरवलं. त्यांनी लेथवर नवी पिन घडवली, तिचं टोक गोल करून आरशासारखं घोटलं, आणि काकांसमोर टोपी फोडून दाखवली.

तिसऱ्यांदा काका आले ते तणतणतच. त्यांनी बंदूक टेबलावर आदळली. दोनदा हातात घेऊनही जमत नसेल तर तसं सांगा, पलीकडच्या बाजारात दुसरा कारागीर आहे, असं ते म्हणाले. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तोवर त्यांनी पिन बाहेर काढली होती आणि तिच्याकडे बघत त्या जागच्या जागी थांबल्या होत्या.

पिन त्यांचीच होती. टोक त्यांचं नव्हतं. गोलाई गेली होती, आणि भिंगाखाली तिरक्या बारीक रेघा दिसत होत्या, सगळ्या एकाच दिशेने. वापराने झिजलेलं पोलाद असं दिसत नाही. कुणीतरी कानस चालवली होती, आणि तीही सराईत हाताने. बाईंना आधी राग आला, मग तो मागे पडला आणि नेहमीचं कुतूहल पुढे आलं.

घरी कोण कोण असतं, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. मी आणि बायको, काका म्हणाले. बायकोच्या माहेरी काय होतं? माहेरी चाव्यांचं दुकान, लग्नाआधी हिनेही पुष्कळ चाव्या घासल्यात. का?

"काही नाही. उद्या काकूंना घेऊन या. बंदूक कपाटात कशी ठेवतात, ते त्यांच्याकडून ऐकते."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. काकू लहानखुऱ्या, नीटनेटक्या, अंगाभोवती करडी शाल घट्ट लपेटलेली. काकांच्या कोटाचं बटण लोंबत होतं, म्हणून बाईंनी त्यांना शिंप्याकडे पिटाळलं आणि पिन काकूंच्या तळहातावर ठेवली.

"हात छान आहे तुमचा," बाई म्हणाल्या.

काकूंनी पिन उजेडात धरली. "घाईत कड मोडायची राहिली," त्या म्हणाल्या, आणि मग मटकन स्टुलावर बसल्या. "डुक्कर नव्हतं ते. मी होते."

काकूंनी मग सगळं भराभर सांगितलं, मध्ये कुणी थांबवेल अशा भीतीने. झोप येत नव्हती, म्हणून त्या पहाटे पडलेले पेरू वेचायला गेल्या होत्या, हीच शाल डोक्यावरून घेऊन. काकांना दोन वर्षांपासून नीट दिसत नाही. डोळे दाखवू या म्हटलं की ते ताटावरून उठतात. त्या पहाटे त्या रांगेआड सरपटत घरी आल्या, आणि नंतर काकांनी मोठ्या डुकराची गोष्ट सांगितली ती त्यांनी चहा गाळत ऐकून घेतली. बंदूक नीट होऊन घरी आली त्या दिवशी मात्र त्यांनी आपल्या वडिलांची कानस शोधून काढली. जुन्या पिनेवरही त्यांनीच हात चालवला होता.

सांगून का टाकलं नाही, असं बाईंनी विचारलं.

"कळलं तर ते बंदूक सोडतील, ते बरंच आहे. पण मग माझ्याकडे बघायचंही सोडतील. तुम्ही त्यांना ओळखत नाही."

पण ते आता दुसऱ्याकडे जाणार म्हणताहेत, बाई म्हणाल्या. तो कारागीर बोलता बोलता नवी पिन बसवेल, आणि तुम्हाला कानस मारायला सवड मिळायच्या आत पहाट उजाडेल. सांगू नका, एवढंच काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आयुष्यभर लोकांच्या गोष्टी उकरून काढणाऱ्या बाईंना पहिल्यांदाच वाटलं, की आपण ही नसती उकरली तर बरं झालं असतं. आता कळलं होतं, आणि कळलेलं परत मातीत पुरता येत नव्हतं.

तेवढ्यात काका शिंप्याकडून परतले. लख्ख उन्हातून आत आले आणि दाराशीच थांबले.

"झालं का तुझं? चल, निघू या," ते खुंटीवरच्या कोटाला म्हणाले.

बाईंना पहिला दिवस आठवला, आणि तो विनोद नव्हता हे आत्ता लक्षात आलं.

"अगं, बोल ना," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. हाताला रिकामी बाही लागली.

"अहो, मी इकडे आहे," काकू टेबलामागून म्हणाल्या.

काकांनी बाही सोडली नाही. आवाजाच्या दिशेने ते डोळे बारीक करून बघत राहिले. भिंतीपाशी काहीतरी करडं होतं, आणि ते त्यांच्याकडे बघत होतं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला. बाईंना त्यांच्याकडे बघवेना, आणि नजर वळवताही येईना.

"ताई," काका शेवटी म्हणाले, "ते पळालं का नाही, असं तुम्ही विचारलं होतंत."

काका दोन पावलं पुढे आले, टेबलाची कड चाचपली आणि काकूंसमोर उभे राहिले. आता इतक्या जवळून त्यांना त्या दिसल्या.

"का नाही पळालीस?"

"पाय हललेच नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि तुम्हीच शिकवलं होतंत ना, बार कधीकधी उशिरा उडतो. तुम्ही नळी हलवत नव्हता. मी बसून घेतलं."

काका मुलासारखे रडले. त्यांना शरमही वाटत होती आणि बायको समोर जिवंत आहे याचा हावरट आनंदही, आणि दोन्ही लपवणं त्यांना जमत नव्हतं. काकू त्यांच्या नव्या बटणाशी चाळा करत, शिंप्याने दोरा वेगळ्याच रंगाचा घातला, असं म्हणत राहिल्या.

बऱ्याच वेळाने काकांनी नाक पुसलं आणि बंदूक चाचपून बाईंपुढे सरकवली. ही आता अशी करा की कधीच उडायला नको, असं ते म्हणाले. बाईंनी पिन वेगळी ठेवली, तिच्या भोकात पितळेचा खिळा ठोकला आणि तो घासून सपाट केला. मग नुसती टोपी असलेलं काडतूस घालून घोडा ओढला आणि चाप दाबला. टक.

"परत बघा," काका म्हणाले. बंदूक उडत नाही म्हणून भांडायला आलेला माणूस कान देऊन ऐकत होता.

बाईंनी घोडा ओढला. टक.

"अजून एकदा."

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना दाराकडे वळवेपर्यंत काका तेच म्हणत राहिले, आणि बाई चाप दाबत राहिल्या.