सासऱ्यांच्या लेखी कुणीच महान नाही

माझे सासरे निवृत्त इतिहास शिक्षक. जुन्या काळच्या दिग्विजयी राजांना महान म्हणावं की नाही, यावर ते नोकरी सुटल्यापासून पुस्तक लिहितायत आणि आमच्या डोक्याला ताप झालाय. जेवताना कुणी चुकून "महान सम्राट" म्हणालं की संपलंच! घास हातात आणि आवाज टिपेला. "दुसऱ्याच्या घरात घुसून आपलं सामान मांडणारा महान कसला? दरोडेखोर!"

बोलणं पटतं हो. पण या पुस्तकाचे कागद आधी त्यांच्या कपाटात होते. मग ते पलंगावर आले. मग सासूबाईंच्या शिवणाच्या खोलीत शिरले, तेव्हा त्या बिचाऱ्या आपलं मशीन घेऊन गॅलरीत गेल्या. ऊन आलं की डोक्यावर टॉवेल घेऊन शिवत बसतात.

आज सकाळी मी भाजी चिरत होते, तर स्वारी नकाशांची भेंडोळी घेऊन थेट स्वयंपाकघरात! "तुझा ओटा छान लांब आहे गं, सूनबाई."

मी खवचटपणे विचारलं, "बाबा, त्या राजांना कुणी अडवलं कसं नाही?"

"अडवतात कसले! लोक आतल्या आत चरफडायचे आणि वरून वाट करून द्यायचे. अशानंच हे माजले आणि महान झाले."

गॅलरीतलं मशीन थांबलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाबा नकाशा धरून उभेच होते.

मी दातओठ खात पिठाचा डबा बाजूला सरकवला.