बहिणीला दिलेलं पाणी

लिहिणं हे माझं काम नाही, आणि आजारावर लिहिणं तर मुळीच नाही. मी डॉक्टर नाही, संशोधक नाही; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढंच. जाणकारांना यात चुका दिसतील, त्यांनी सांभाळून घ्यावं. पण अर्ध्या समजुतीवर मी एक गोष्ट करून बसलो होतो. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तेव्हा मी गोंदियाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. जवळच्या फुलचूरला खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी बसने तिरोड्याकडच्या आमच्या गावी जायचो. धाकटी बहीण सातवीत होती. थंडी सुरू झाली की तिचे हातपाय दुखत, डोळे पिवळट दिसत. त्या वर्षी दोन्ही घोटे सुजले, आणि बाबांनी तिचं पाणी तोडलं. सकाळी एक पेला, दुपारी अर्धा, संध्याकाळी एक.

यात दुष्टपणा नव्हता. आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावचा तलाव आणि वावरातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, राखण्याचं काम. मातीच्या बांधाची पाळ फुगली, बाहेरून ओल दिसू लागली, की पाणी सोडून पातळी उतरवायची. हे बाबांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अंगावरची सूज त्यांना तशीच दिसली. आमच्या लोकांत सगळे तसंच मानत. मीही मानत होतो. "दादा, घोटभर दे ना," असं ती म्हणाली, की मी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, उचलून वरच्या फळीवर ठेवायचो.

त्याच सुमारास प्राणिशास्त्राच्या मॅडमनी सिकलसेल हा रक्ताचा आजार शिकवला. हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच दुवा बदललेला असतो. प्राणवायू सुटला की असे रेणू एकमेकांना धरून लांब दोऱ्या बनवतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. मग मॅडमनी एका परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स काढली. नुसत्या वाकडेपणाने वाट अडत नाही. या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, त्या कोंडीत पांढऱ्या पेशीही भर घालतात, असं आता दिसू लागलंय, असं त्या सांगत होत्या. मी भराभर उतरवून घेत होतो. "आणि अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आटते," त्या म्हणाल्या. "आत दाटी होते, दोऱ्या लवकर बनतात. म्हणून या रुग्णांनी भरपूर पाणी प्यायचं असतं."

माझं पेन थांबलं.

तास संपल्यावर मी घाबरत मॅडमना गाठलं आणि बहिणीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रक्त तपासून घ्या. पण सूज मूत्रपिंडाचीही असू शकते, मग जास्त पाणी उलट घातक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नका."

घरी पोचलो आणि बाबांना म्हणालो, "मॅडमनं सांगतलं, तिचं रक्त तपासा, आन् तिले पोटभर पाणी द्या." उरलेलं वाक्य मी बसमध्येच गिळलं होतं. ती तहानेने ओठ चाटत बाजेवर पडली होती, आणि ते मला दिसत होतं.

"तुई मॅडम डाक्टर हाय का?" बाबांनी विचारलं.

"नाई. पण उन्हाळ्यात तलाव आटला का मासोळ्या कशा एकमेकींवर चढतात? तसं होऊन राहिलं तिच्या रक्तात. सिकलसेल म्हणते त्याले."

"पोरगी का तलाव हाय?"

"मंग तुमी कायले तिचं पाणी सोडून राहिले?"

बाजेवरून बहीण म्हणाली, "मी का बोडी आहो वावरातली? आधी पेला तं द्या!"

माय हसली. बाबा हसले नाहीत. "दोन बुकं शिकला, आन् बापाले शिकवून राहिला."

"तो रोग आपल्यात नसते, बाबू," माय म्हणाली. पण तांब्या तिनेच भरला. बहिणीने तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. तिचं ते घटाघटा पिणं मला ऐकवेना.

सोमवारी बाबा धानाची कापणी सोडून तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. नर्सबाईंनी पहिली चाचणी तिथेच केली. नळीतलं पाणी गढूळ झालं, म्हणजे रक्तात दोष होता. पण तेवढ्यावरून पोरगी नुसती वाहक आहे की रुग्ण, ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पक्क्या तपासणीसाठी एक नळी आणि मूत्रपिंडासाठी दुसरी, अशा दोन नळ्या पुढे गेल्या.

पुढच्या शनिवारी घोटे उतरले नव्हते. चेहराही भरल्यासारखा दिसला, किंवा मला तसा वाटला. मी सुतळीने तिचा घोटा मोजून गाठ मारली.

"दादा, बैलाचं माप घेऊन राहिला का?"

मी हसलो. बाबा दारात उभे होते. "पाय पाहून राहिला ना?" एवढंच म्हणून ते वावरात गेले. खरं सांगायची ती वेळ होती. पाणी थांबवा म्हणावं, तर सिकलसेल असला तर? चालू ठेवा म्हणावं, तर मूत्रपिंड असलं तर? मी काहीच न बोलता रविवारी परत आलो.

तो आठवडा मी वर्गात नुसता बसून काढला. आणि एक गोष्ट लिहायला आजही हात धजत नाही. वहीत उतरवलेला, जन्मभर न जाणारा तो रोग माझ्या बहिणीला असावा, असं मला वाटू लागलं होतं. म्हणजे मी दिलेलं पाणी विष ठरलं नसतं. मग स्वतःचीच शिसारी येई, आणि नसावा म्हणून हात जोडी. पण लगेच पुन्हा तेच मनात येई.

गुरुवारी सकाळी घरमालकांनी हाक मारली, "अरे भाई, तेरे गाँव से फोन है!"

"दादा, रिपोर्ट आला," बहीणच बोलत होती, किराणा दुकानातून. "नर्सबाई म्हणते, किडनी चांगली हाय."

मी लगेच विचारलं, "आन् दुसरा?"

"बाबा सांगते, थांब."

फोन या हातातून त्या हातात गेला.

"बाबू," बाबा म्हणाले, "तोच हाय. नुसती वाहक नाई, पुरा रोग हाय म्हणते. माया आन् तुया मायच्या, दोघाच्याबी रक्तातून आला."