अठ्ठाविसाव्या वर्षी जन्मलेला फॉरवर्ड

कोनरने माझं तिकीट तिसऱ्यांदा बंद केलं तेव्हा लाँचला चार दिवस उरले होते. तिकीट म्हणजे सिस्टिममधली चूक नोंदवायची ऑनलाइन चिठ्ठी. चूक दुरुस्त झाली की ती बंद करायची असते. कोनरने दुरुस्ती न करताच बंद केली. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "कथेला बाधा येते."

कोनर आमचा प्रॉडक्ट हेड. आमची कंपनी डब्लिनजवळ चेरीवूडला. फुटबॉलच्या मॅचेसचा डेटा गोळा करून टीव्ही चॅनेलना आणि ॲपवाल्यांना विकते. मी डेटा क्वालिटीत आहे. म्हणजे इतरांनी भरलेला कचरा शोधायचा आणि तो कचरा आहे हे त्यांना गोड शब्दांत सांगायचं. पुण्यात नऊ वर्षं हेच केलं, इथे पाच वर्षं करते आहे.

त्या वर्षी जुन्या दिग्गज खेळाडूंचा एक विभाग सुरू होणार होता. पहिला मान ल्युबेन यारेव्हचा. बल्गेरियाचा फॉरवर्ड, आता साठीच्या पुढचा. तो स्वतः डब्लिनला येणार होता. मार्केटिंगने त्याच्यावर फिल्म केली होती. गोष्ट अशी, की अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत या माणसाचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. मग एका पश्चिमेकडच्या क्लबने त्याला शोधून काढलं आणि तो थेट शिखरावर पोचला.

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. पण अठ्ठावीस वर्षांचा माणूस पहिल्याच मॅचला दोन गोल मारतो, तर त्याआधी तो काय करत होता, एवढं विचारायला फुटबॉल कळावं लागत नाही. फिल्म बघायला खोलीत बसलेल्या अकरा जणांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. सगळे डोळे पुसायच्या बेतात होते.

मी देसिस्लावाला विचारलं. ती आमच्या टेस्टिंगमध्ये, बल्गेरियातल्या प्लोव्हडिवची. ती आधी हसली, मग रागाने लाल झाली.

"कोणी ऐकलं नव्हतं? माझ्या वडिलांच्या सलूनमध्ये आरशाच्या वर त्याचा फोटो आहे. तो परदेशात जायच्या आधीपासून आहे!"

"मग इतक्या उशिरा का गेला?"

"तेव्हा बाहेर खेळायला सरकारची परवानगी लागायची. तरुण खेळाडूला कोण देणार?"

जागेवर येऊन मी शोधायला बसले. कारण सापडायला अर्धा तास लागला. आमच्या डेटाबेसमध्ये दोन माणसं होती. परदेशातला तो 'वाय'ने लिहिलेला यारेव्ह. बल्गेरियातला 'जे'ने लिहिलेला जारेव्ह. त्यांच्या लिपीतलं एकच अक्षर, दोन कारकुनांनी दोन तऱ्हांनी रोमनमध्ये उतरवलं होतं. जन्मतारीख जुळली असती तर मशिननेच शंका घेतली असती. पण एकीकडे दिवस आणि महिना उलटे पडले होते. अशा दोन नोंदी एकत्र करण्याला आम्ही मर्ज म्हणतो. माझं आडनाव पासपोर्टवर एका स्पेलिंगने आणि डिग्रीवर दुसऱ्या स्पेलिंगने आहे, त्यापायी इथलं वर्क परमिट दोन महिने अडकलं होतं. मला हा रोग ओळखायला वेळ लागत नाही.

देसिस्लावाने जुन्या बल्गेरियन वर्तमानपत्रांची स्कॅन्स काढली, मी तारखा जुळवल्या. पुराव्यासकट तिकीट टाकलं. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. तिसऱ्यांदा बंद झालं तेव्हा मी कोनरच्या टेबलाशी गेले.

"स्वाती, फिल्म तयार आहे. फिल्म ग्रँड आहे," तो म्हणाला.

"फिल्म खोटी आहे."

"तसं म्हणू नकोस. डेटा जे सांगतो तेच दाखवलंय."

"डेटा चुकीचं सांगतोय हे मी तीनदा सांगितलंय."

"युवर मॅन यारेव्ह सत्तरीला आलाय. इंग्लिश धड येत नाही. त्याला काय कळणार?" आणि मग हळू आवाजात, मित्रत्वाने, "तुझा प्रमोशनचा रिव्ह्यू पण याच महिन्यात आहे ना?"

माझं परमिट कंपनीशी बांधलेलं. मी जागेवर जाऊन बसले. स्वतःची लाज वाटली, हेही लिहून टाकते.

लाँचच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला यारेव्ह रिहर्सलला आला. ठेंगणा, रुंद, डावा पाय ओढत चालणारा. सोबत एजंट नाही, कोणी नाही. दुभाषी म्हणून देसिस्लावाला बसवलं होतं, कारण बाहेरून आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. फिल्म दाखवली.  बोट वर करून तो म्हणाला, "परत."

परत दाखवली.

"हा कोण?" त्याने विचारलं. त्याचं इंग्लिश तुटक होतं, पण पुरेसं होतं.

कोनर हसला. "तुम्हीच!"

"अठ्ठावीस वर्षं मी कुठे होतो?"

"तीच तर गंमत आहे. कोणालाच माहीत नव्हतं."

"आमच्या गावात तिकिटं संपली की लोक झाडांवर चढून मॅच बघायचे. त्यांना माहीत होतं."  पुढचं तो बल्गेरियनमध्ये बोलला आणि देसिस्लावाने सांगितलं, "तुमच्याकडे आलो तेव्हा माझा गुडघा गेलेला होता. तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्यात, ते उरलंसुरलं होतं."

 कोनरचा चेहरा बघण्यासारखा होता. मग त्याने तेच केलं जे अशी माणसं करतात. "डेटा टीमकडून तसंच आलं होतं," म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

तीन दिवस मी गप्प होते. ते मात्र सहन झालं नाही. मी लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला आणि तिकीट उघडलं. तीन तारखा, तीन वेळा बंद, बंद करणाऱ्याचं नाव, कारण. देसिस्लावाने ते "कथेला बाधा येते" न विचारता बल्गेरियनमध्ये वाचून दाखवलं. खणखणीत आवाजात.

यारेव्हने मला विचारलं, "दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"चार मिनिटं."

"करा. मग मी सही करतो."

त्याच्या सहीशिवाय त्याचं नाव वापरता येणार नव्हतं. मी सगळ्यांसमोर मर्ज केलं. त्याच्या कारकिर्दीचा ग्राफ नव्याने उमटला. रेघ सतराव्या वर्षी सुरू झाली, तेविसाव्याला सगळ्यात वर गेली आणि अठ्ठावीसपर्यंत उतरणीला लागली होती. फिल्मने ज्याला शिखर म्हटलं होतं तो उतार होता. यारेव्ह खुर्ची ओढून स्क्रीनच्या जवळ गेला आणि तेविसाव्या वर्षावर बोट ठेवून बराच वेळ बसला. देसिस्लावा रडत होती. मी स्क्रीनकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर मीही रडले असते.

फिल्म रद्द झाली. दुसऱ्या दिवशी नुसता ग्राफ दाखवला आणि त्यावर यारेव्ह स्वतः वीस मिनिटं बोलला. लोक उभे राहिले. पुढच्या महिन्यात कोनरने शॅननच्या एका कॉन्फरन्समध्ये डेटाच्या प्रामाणिकपणावर भाषण दिलं. उदाहरण यारेव्हचं. "आम्ही वेळीच ओळखलं," असं म्हणाला म्हणे. माझं प्रमोशन वर्षभर पुढे गेलं. शेरा होता, सहकाऱ्यांशी जुळवून घ्यायला शिकावं.

आता नवीन लोकांना मीच ट्रेनिंग देते. पहिल्याच दिवशी सांगते, कोणाचं करिअर अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू झालेलं दिसलं, तर तो चमत्कार नाही. तुमच्या आधी कोणीतरी आपलं काम केलेलं नाही.