थंड व्हायल

पुष्पांजली पडघान डूख धरते. तिच्याबद्दल पहिल्यांदा हेच सांगायला हवं. ती सातवीत असताना अमडापूरच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं तिच्या आईची, गीताबाईंची, मेथी शिळी म्हणून बाजूला सारली होती. आता पोरगी एम.एस्सी. झाली, पण त्याच्या दुकानातून अजून काडीपेटीसुद्धा घेत नाही. मला ती यासाठीच आवडते.

चिखलीजवळच्या आमच्या खाजगी प्रयोगशाळेत कपाशीच्या बोंडअळीवर पेप्टाइडचे प्रयोग चालतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. ते पाण्यात विरघळवून गोठवायचं आणि मग हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात त्यातला बर्फ न वितळवता तसाच वाफ करून उडवायचा. व्हायलमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत, पिंजलेल्या कापसासारखी पांढरी पावडर उरते. हे काम सुरुवातीला कितीदा तरी बिघडलं. बसवलं ते पुष्पांजलीनं, एकटीनं.

आणि आमचे प्रमुख सरोदे सर, त्यांनी अहवालात ते स्वतःच्या नावावर खपवलं. तिनं जाब विचारला तर म्हणाले, "अगं, बाटल्या भरणाऱ्यांची नावं टाकायला लागलो तर पान पुरणार नाही."

त्या दुपारी तिनं डबा अगदी शांतपणे खाल्ला, तेव्हाच मी ओळखलं की सरांची आता खैर नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांची खैर नकोच होती.

पुढे एका बियाणे कंपनीचे पाहुणे ही पावडर बघायला यायचे ठरले. सर त्यांच्यासमोर स्वतः व्हायल उघडणार होते. आता, फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडायची नसते. आधी ती बंदच ठेवून तिचा गारठा जाऊ द्यायचा. नाहीतर हवेतला ओलावा आत शिरतो आणि पावडर तो अधाशासारखी पिते. सरांच्या टेबलावर व्हायल नेहमी तयार होऊनच यायची, कारण पुष्पांजली ती वेळेआधी काढून ठेवायची. या खेपेला तिनं काढली नाही.

"काऊन वं, सांगत नाही का त्यायले?" मी विचारलं.

"बाटल्या भरणारी कशाले सांगन?" ती म्हणाली.

श्रावणातली दमट हवा होती. सरांनी फ्रीझरमधून व्हायल काढली आणि पाहुण्यांसमोर ऐटीत झाकण उघडलं. काचेवर वाफ धरली. सरांचं भाषण लांबलं, तोवर आतली पावडर आकसून तळाला चिकटली. वजन करायला चमचा घातला तर नुसता चिकटा. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

"हे असंच असतं का?" पाहुण्यांमधल्या बाईंनी विचारलं.

सरांना घाम फुटला. "नाही हो. हे मी बनवलेलं नाही. सगळं हिनं केलंय, या पुष्पांजलीनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाव घेतलं, तेही चूक तिच्या गळ्यात मारायला. "बोल ना वं काही," मी कुजबुजले.

"थांब. त्याले नाव नीट घेऊ दे." मग ती मोठ्यानं म्हणाली, "सर, पाहुण्यांना नीट ऐकू आलं नाही. कोणी बनवलं?"

"तू बनवलंस. पुष्पांजली पडघाननं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी हातसुद्धा लावलेला नाही," सर चिडून म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. पुष्पांजलीनं कपाटातल्या कोरड्या बरणीतून दुसरी व्हायल काढली. ती तिनं सकाळीच फ्रीझरबाहेर आणून ठेवली होती. बाईंसमोर तिनं झाकण उघडलं. आतली पावडर हलकी, कोरडी, जशीच्या तशी होती. बाई खुर्ची पुढे ओढून बघायला लागल्या.

सरांचा चेहरा लगेच खुलला. त्यांनी सवयीनं व्हायल घ्यायला हात पुढे केला, तशी तिनं ती मुठीत धरली.

"हात लावू नका, सर," ती म्हणाली. "तुम्हीच आत्ता सांगितलं ना, हे माझं आहे."